काचेच्या समुद्रातील चोर

जर्मनीत हॅम्बुर्ग येथे राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेविली असून तीत मासे थोडे व जिवंत प्रवाळे पुष्कळ आहेत. वर्षभर सर्व यथास्थित चालले होते. पुढे एक नवे प्रवाळ विकत आणून टाकीत ठेविले, आणि काही आठवड्यांनी शिंगाप्रमाणे फाटे फुटलेल्या जुन्या प्रवाळांवर पांढरे ठिपके दिसू लागले. दुकानदाराने दिलेल्या औषधाच्या पाण्यात प्रवाळे बुडवून काढिली. आठ-दहा दिवस बरे वाटले, आणि ठिपके पुन्हा आले. असे दोनदा घडले. आता चिरंजीव हिरमुसले आहेत. त्यांचे वडील म्हणतात की, सर्व दगड बाहेर काढून उकळत्या पाण्याने धुवावेत म्हणजे किडीचे मूळच जाईल. आणि सासूबाई विचारतात की, एका जीवासाठी दुसऱ्या जीवाची हत्या करण्याचा हा खटाटोप हवाच कशाला? औषध का लागू पडत नाही, दगड उकळावेत काय, आणि किडे मारणे योग्य काय, असे तीन प्रश्न भगिनींनी आमच्यापुढे ठेविले आहेत.

या पत्राचे उत्तर खाजगी रीतीने देता आले असते. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी असा छंद असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांसही या विषयात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. म्हणून ते येथेच देत आहो.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कोवळा अंकुर व दुसरा पोवळे. ‘विद्रुम’ या दुसऱ्या नावातही द्रुम म्हणजे वृक्ष बसलेलाच आहे. प्रवाळ ही वनस्पती होय ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० नंतरच्या दशकात समुद्रकिनारी प्रत्यक्ष निरीक्षण करून प्रवाळ हा प्राणी आहे असे पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविले, तेव्हा हे मत इतके विलक्षण वाटले की, रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने ते सभेपुढे मांडताना, लेखकाचे हसे होऊ नये म्हणून, त्याचे नावसुद्धा सांगितले नाही. पुढे पेसोनेलचेच म्हणणे खरे ठरले.

प्रवाळ हे लहान लहान प्राण्यांचे एकत्र कुटुंब होय. त्यातील प्रत्येक प्राण्यास पॉलिप म्हणतात. त्यास एक मुख, मुखाभोवती बारीक बोटांसारख्या स्पर्शिका, आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. त्याच्या देहात अतिसूक्ष्म शैवले वस्तीस असतात. ती प्रकाशावर अन्न तयार करितात व त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. प्रवाळाचा तपकिरी रंग त्या शैवलांचाच असतो. हे घर व हे भाडेकरू लक्षात ठेविले म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास सोप्या जातील.

प्रवाळ पांढरे पडले की ते किडीनेच पडले असे नव्हे. पाणी फार तापले, किंवा प्रकाशात एकाएकी बदल झाला, तर शैवले देह सोडून जातात. मग पारदर्शक मांसाखालील चुना दिसू लागतो व प्रवाळ पांढरे भासते. परंतु प्राणी अजून जिवंत असतो. भिंगातून पाहिल्यास त्याच्या स्पर्शिका दिसतात, व कारण दूर झाल्यास तो सावरतोही. किडीने खाल्लेल्या जागी मात्र मांसच उरत नाही. शिंगाच्या आकाराच्या प्रवाळांस, ज्यांस शास्त्रात अॅक्रोपोरा म्हणतात, एक चपटा कृमी लागतो. त्याचे ठिपके वाटोळे, सुमारे मिलिमीटरभर रुंद, आणि बहुधा बुंध्याकडे किंवा सावलीच्या अंगास असतात. सर्वत्र सारखा फिकेपणा असेल तर उष्णतामापक व दिवा तपासावा; सुटे वाटोळे ठिपके असतील तर चोर शोधावा. भगिनींनी केलेल्या वर्णनावरून त्यांच्या घरी दुसरा प्रकार असावा असे आम्हांस वाटते.

हा चोर मोठा मायावी आहे. तो सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, कागदासारखा पातळ असतो. प्रवाळाचे मांस खाताना त्यातील शैवलेही त्याच्या पोटात जातात, आणि त्याचे अंग पारदर्शक असल्यामुळे तो ज्यास खातो त्याच्याच रंगाचा दिसतो. टाकीत डोळ्यांसमोर असूनही तो दिसत नाही, ते यामुळेच. गमतीची गोष्ट ही की, हा कृमी शास्त्रज्ञांपूर्वी छंदिष्टांस ठाऊक झाला. लोकांच्या टाक्यांत तो वर्षानुवर्षे प्रवाळे खात होता. त्यास शास्त्रीय नाव मिळाले सन २०११ मध्ये, आणि ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळ-बांधावर, लिझार्ड बेटाजवळ, तो आपल्या मूळ घरी सापडल्याचे प्रसिद्ध झाले सन २०१२ मध्ये.

त्यास शोधण्याची रीत अशी. टाकीतील पाणी एका पांढऱ्या, पसरट भांड्यात घ्यावे. संशयित प्रवाळ त्यात धरून पिचकारीने त्याच्या फाट्यांमधून, विशेषतः बुंध्याकडून, पाण्याचा जोराचा झोत सोडावा. कृमी असल्यास सुटून भांड्याच्या तळाशी पडतो व पांढऱ्या पार्श्वभूमीवर आकसताना, पसरताना ओळखू येतो. त्यानंतर भिंग घेऊन बुंध्याचा मृत, उघडा पडलेला चुना तपासावा. कृमीची अंडी जिवंत मांसावर नसून तेथे असतात. तपकिरी, तांबूस झाक असलेल्या बारीक दाण्यांचे ते पुंजके होत. कृमी न दिसता केवळ अंडी दिसली, तरी निदान झाले असे समजावे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. औषध लागू पडत नाही असे नव्हे. ते अर्ध्यावरच लागू पडते. बाजारात मिळणारी बुडविण्याची औषधे, कोणती आयोडीनची तर कोणती वनस्पतींच्या तेलांची, चालत्याफिरत्या कृमीस सोडवितात किंवा मारितात. परंतु कवचातील अंड्यांस त्यांची बाधा होत नाही. शुद्ध झाले असे समजून आपण प्रवाळ टाकीत परत ठेवितो, आणि पुढची पिढी आपणच घरात नेऊन सोडितो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सन २०१९ मध्ये या कृमीचा जीवनक्रम निरनिराळ्या तापमानांत मोजून प्रसिद्ध केला. पाणी २७ अंश सेल्सिअस असता अंडी सरासरी ११ दिवसांत फुटतात, पिल्ले सुमारे ३५ दिवसांत वयात येतात, आणि एका पिढीपासून दुसरी पिढी होण्यास किमान ३८ दिवस लागतात. पाणी २४ अंश असेल तर हाच काळ ६४ दिवसांवर जातो. नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू पोहू शकते, आणि अॅक्रोपोरा न मिळाले तरी काही तासांपासून नऊ दिवसांपर्यंत तग धरिते. भगिनींच्या पत्रातील ‘आठ-दहा दिवस बरे वाटले’ हे वाक्य या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोडे उलगडते.

यावरून उपायही आपोआप निघतो. बुडविणे एकदाच उपयोगाचे नाही. अंड्यांतून निघालेली पिल्ले वयात येऊन स्वतः अंडी घालण्यापूर्वी, आठवड्या-आठवड्याने, ते पुन्हा पुन्हा केले पाहिजे. अंडी दिसतील तितकी नखाने, ब्रशाने वा चिमट्याने खरवडून काढावी. बुंध्याचा मृत भाग शक्य तर कापून टाकावा, व विकताना प्रवाळ ज्या चकतीवर चिकटविलेले असते ती चकती फेकून द्यावी, कारण अंडी बहुधा तिच्या आसपासच असतात. औषधाचे प्रमाण व वेळ ही वेष्टणावर लिहिल्याप्रमाणेच ठेवावी; दुप्पट औषधाने कृमीपूर्वी प्रवाळच मरते. बुडविल्यानंतर स्वच्छ खाऱ्या पाण्यात प्रवाळ विसळावे आणि औषधाचे पाणी टाकीत मुळीच ओतू नये. आणि हे सर्व चालले असता रोगी प्रवाळे मोठ्या टाकीत नसावीत. ती वेगळ्या लहान टाकीत ठेवावीत, म्हणजे मोठ्या टाकीत राहिलेली अंडी फुटली तरी पिल्लांस खावयास काही मिळणार नाही.

सन १८९६ मध्ये मुंबईस प्लेग आला तेव्हापासून ‘क्वारंटीन’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी बसला, आणि सन २०२० मध्ये ‘विलगीकरण’ या नावाने तो पुन्हा घरोघरी पोहोचला. तो शब्द मूळचा इटलीचा. त्याचा अर्थ चाळीस दिवस. बाहेरून आलेल्या गलबतांस तेथील बंदरांत तितके दिवस बाहेर थांबवून ठेवीत. या कृमीचे गणित पाहता, २७ अंशांच्या पाण्यात चाळीस दिवस ही मुदत जवळ जवळ तंतोतंत जुळते, हा योगायोग होय. पण लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे. पाणी थंड असेल तर मुदत वाढवावी. नवे प्रवाळ कितीही सुंदर असो, कितीही विश्वासाच्या माणसाकडून आलेले असो, त्याने प्रथम दारातील लहान टाकीत हे दिवस काढावेत. भगिनींच्या घरी चोराने भिंत फोडली नाही. तो नव्या प्रवाळाच्या बुंध्यास चिकटून, सर्वांच्या देखत, हातांतूनच आत गेला असला पाहिजे.

चोर एकच नव्हे. माँटिपोरा नावाच्या पानासारख्या पसरट प्रवाळांस एक पांढरी, बिनशंखाची समुद्री गोगलगाय लागते. ती थोड्याच मिलिमीटरची, कापसाच्या तुकड्यासारखी दिसते, पानाच्या खालच्या अंगास लपते व तेथेच पांढरी अंडी घालिते. तिचेही शास्त्रीय नामकरण अगदी अलीकडे, सन २०२० मध्ये, झाले. तिचीही अंडी औषधास दाद देत नाहीत. तेव्हा उपाय तोच. दुसरा चोर म्हणजे अॅक्रोपोरावरील ‘तांबडा किडा’. हा किडा नसून कोळंबीच्या दूरच्या नात्यातील, अर्ध्या मिलिमीटरचा जीव होय. पिवळट अंगावर तांबडा ठिपका ही त्याची खूण. तो फार झाला की प्रवाळाचा रंग मंदावतो व पॉलिप नीट बाहेर येत नाहीत. कुत्र्यांच्या हृदयात होणाऱ्या जंतांवरील मिल्बेमायसिन हे औषध त्यावर चालते असे छंदिष्टांस आढळले. परंतु टाकीत घातलेले ते औषध चोर व साव यांत भेद करीत नाही. त्याने टाकीतील कोळंब्या व खेकडेही मरतात. म्हणून पशुवैद्यास विचारल्यावाचून व प्रवाळ वेगळ्या भांड्यात काढल्यावाचून त्यास हात लावू नये.

हे वाचून टाकीतील प्रत्येक हलत्या जीवावर चिमटा उगारण्याची इच्छा होईल, म्हणून येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दगडांच्या फटींत राहणारे केसाळ कृमी दिसण्यात किळसवाणे असले तरी त्यांपैकी बहुतेक उरलेसुरले अन्न व मेलेले मासे खाऊन टाकी साफ ठेवितात. मेलेल्या प्रवाळापाशी ते सापडले म्हणजे त्यांच्यावर खुनाचा आळ येतो. वस्तुतः ते प्रेत उचलावयास आलेले असतात. फुलकोबीसारख्या प्रवाळांच्या फांद्यांत ट्रॅपेझिया जातीचे लहान खेकडे राहतात. प्रवाळे खाणारा काटेरी समुद्रतारा आला तर हे चिमुकले खेकडे त्याच्या पायांस चिमटे काढून त्यास परत फिरवितात. अशा पहारेकऱ्यास चोर समजून मारणे म्हणजे घराचे दार स्वतःच काढून ठेवणे होय. तेव्हा नियम असा की, ज्यास प्रवाळ खाताना पाहिले किंवा ज्याच्या ठिपक्यांची व अंड्यांची खूण पटली, तोच चोर. इतरांस संशयाचा फायदा द्यावा, व ओळखू न येणाऱ्या जीवास वाटीत वेगळे ठेवून जाणत्यास दाखवावे.

काही मासे व कोळंब्या या कामी साहाय्य करितात. सहा रेघांचा एक चिमुकला रास जातीचा मासा व पेपरमिंट नावाची कोळंबी ही चपटे कृमी वेचून खातात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यांच्यामुळे कृमींची संख्या घटते. निर्मूलन होईलच असा भरवसा नसतो. तेव्हा त्यांस शिपाई मानावे, वैद्य मानू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अगदी स्पष्ट देतो, कारण त्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. दगड उकळू नयेत, त्यांवर उकळते पाणी ओतू नये, कोरडे करून घासूही नयेत. या टाक्यांत बटणांसारखे दिसणारे झोअँथिड नावाचे मऊ जीव पुष्कळदा असतात, आणि त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. उकळल्याने वा घासल्याने ते वाफेवाटे, तुषारांवाटे श्वासात जाते. सन २०१८ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकी साफ करण्याच्या कामातून एक सबंध कुटुंब असे आजारी पडून रुग्णालयात गेले. म्हणून टाकीत हात घालताना हातमोजे वापरावेत, प्रवाळ कापताना डोळ्यांस चष्मा लावावा, हातास चीर असेल तर ते काम दुसऱ्यास सांगावे, आणि लहान मुलास हे काम एकट्याने कधीही करू देऊ नये. हातमोजे घालून धीर धरणे हा येथे भित्रेपणा नव्हे.

सासूबाईंचा प्रश्न आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला, आणि तो हसण्यावारी नेऊ नये अशी भगिनींस आमची विनंती आहे. समुद्रात हा कृमी पापी नाही. तेथे त्यास खाणारे मासे आहेत, प्रवाळांस पसरावयास जागा आहे, आणि एक प्रवाळ गेले तरी बांध राहतो. काचेच्या टाकीत मासे आपण निवडून ठेवितो, भिंती आपण घालितो, आणि कृमीस प्रवाळांच्या दारी आपणच आणून सोडितो. समुद्राने राखलेला तोल आपण मोडल्यावर, ‘आम्ही कोणास मारीत नाही’ असे म्हणून बाजूस बसता येत नाही. कारण काही न करणे म्हणजे त्या टाकीतील एकूण एक अॅक्रोपोरा हळूहळू खाल्ली जाऊ देणे होय, आणि प्रवाळे संपल्यावर कृमीही उपाशी मरणारच. ज्याने जीव कोंडले त्याच्यावर त्यांच्या रक्षणाचा भार येतो. परंतु सासूबाईंच्या प्रश्नात एक खरी कसोटी आहे, आणि ती आम्ही अशी लावू: जेथे कमीत कमी जीव मारावे लागतील तो उपाय उत्तम. दारातच चाळीस दिवस थांबविले तर वाटीभर पाण्यात चार-दोन कृमी मरतात. आत येऊ दिले तर पुढे शेकडो मारावे लागतात, आणि दगड उकळले तर चोर, साव, पहारेकरी सर्वच मरतात. धीर हीच येथे दया होय. सासूबाईंनी चिरंजीवांच्या शेजारी बसून दर आठवड्यास भिंगातून तो बुंधा पाहिला आणि वहीत तारीख, पाण्याचे तापमान, नवे ठिपके व दिसलेली अंडी लिहून ठेविली, तर घरात दोन उत्तम पहारेकरी तयार होतील असा आमचा अजमास आहे.

कंटाळून सर्व टाकून देण्याची वेळ आलीच, तर एवढे मात्र करू नये की टाकीतील जीव जवळच्या खाडीत वा समुद्रात सोडावेत. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरातील सिंहमासा सन १९८५ च्या सुमारास फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास प्रथम आढळला. तो टाक्यांतूनच सुटला वा सोडला गेला असे मानितात. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तेथील लहान मासे फस्त करीत आहे. दयेने सोडलेला जीवही परक्या पाण्यात चोर होऊ शकतो.

शेवटी येथील वाचकांसाठी दोन शब्द. आपल्या देशात चुन्याची घरे बांधणारी प्रवाळे सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेली आहेत. सन २००१ मध्ये त्यांस वाघाच्याच पंक्तीस, पहिल्या अनुसूचीत, बसविण्यात आले. तेव्हा समुद्रातून प्रवाळ उचलून घरी आणणे हा छंद नसून गुन्हा होय. परंतु प्रवाळ पाहावयास हॅम्बुर्गास जावे लागत नाही. मालवणाजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात, सन १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, व त्या पाण्यात जिवंत प्रवाळे आहेत. सुटीत मुलांस तेथे घेऊन जावे, जाणता नावाडी बघावा, पाणी निवळ असेल तेव्हा वरूनच पाहावे, आणि त्यांवर पाय ठेवू नये. तेथे पहारा समुद्र स्वतः करितो. आपण त्याच्या कामात अडथळा आणू नये म्हणजे झाले.